उसन्या वर्कशॉपमध्ये जुनी कॅम्पर व्हॅन दुरुस्त करताना

इंग्लंडात जुनी फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन विकत घेणे फारसे अवघड नाही. तिच्यासाठी छप्पर मिळवणे मात्र अवघड आहे. इथल्या घरांची गॅरेजे अरुंद असतात, दारापुढच्या जागेत पावसामुळे आठवड्यातले चार दिवस वेल्डिंग करता येत नाही, आणि वर्कशॉप भाड्याने घ्यावे तर गाडीवर खर्च करायला पैसे उरत नाहीत. अशा वेळी ओळखीचा एखादा शेतकरी गोदामाचा कोपरा देऊ करतो, किंवा निवृत्त झालेला एखादा मेकॅनिक आपल्या शेडची किल्ली हातावर ठेवतो. मला मिळालेली जागा म्हणजे एका शेतावरच्या पेंढ्याच्या गोदामाचा अर्धा भाग होता. तिथे पावणेदोन वर्षे काम करताना जे शिकलो, ते याच परिस्थितीत असलेल्या वाचकांसाठी क्रमाने लिहीत आहे.

माझ्यासमोर असलेली गाडी फोक्सवॅगनच्या टाइप 2 मालिकेतली, दुसऱ्या पिढीची होती. हानोव्हरच्या कारखान्यात 1967 ते 1979 या काळात बनलेल्या या पिढीला समोरच्या एकसंध, बाहेर फुगीर काचेमुळे इथे ‘बे विंडो’ म्हणतात. पुढे दिलेली मापे आणि आकडे याच गाडीचे आहेत. कामाचा क्रम मात्र त्या काळातल्या इतर कॅम्परनाही बव्हंशी लागू पडेल.

या क्रमामागचा नियम आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघते. उसन्या जागेतली गाडी कोणत्याही टप्प्यावर, दोन दिवसांच्या सूचनेवर, स्वतःच्या चार चाकांवर ढकलत बाहेर काढता आली पाहिजे. स्वतःचे गॅरेज असलेली माणसे गाडी संपूर्ण उघडी करतात, प्रत्येक सुटा भाग डब्यात भरतात आणि मग सवडीने एकेक काम हाती घेतात. ते पाहून मीही तसेच केले. पहिल्या वर्षी जुलैच्या अखेरीस शेतमालकांनी कापणी लवकर सुरू होत असल्याचे आणि गठ्ठे ठेवायला संपूर्ण गोदाम लागणार असल्याचे सांगितले, तेव्हा माझ्या गाडीची पुढची दोन्ही चाके, चारही ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे सुटे पडलेले होते. दोन रात्री जागून ती कशीबशी चाकांवर उभी केली. मालकांची त्यात काहीच चूक नव्हती. जागा त्यांची होती आणि कापणी कोणासाठी थांबत नाही.

जागा ठरवताना

जागेची मापे गाडी आणण्यापूर्वी घ्यावीत. ही व्हॅन सुमारे साडेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद असते, आणि टपाचा उघडणारा भाग मिटलेला असतानाही तिची उंची दोन मीटरच्या आसपास जाते. घोड्यांवर (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या लोखंडी आधारांवर) चढवल्यावर त्यात आणखी अर्ध्या मीटरची भर पडते, हे तुळयांची उंची मोजताना लक्षात ठेवावे. इंजिन मागच्या बाजूने निघत असल्यामुळे मागे किमान दीड मीटर मोकळी जागा हवी. जमीन काँक्रीटची आणि सपाट असावी. मातीच्या किंवा खडीच्या जमिनीवर घोड्या रुततात. अशी जागा पदरी पडलीच तर प्रत्येक घोडीखाली जाड पोलादी पत्रा घालावा. या गाडीचे वजन तेराशे किलोंच्या आसपास भरते आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाणे म्हणजे आत्मघात आहे.

मालकांशी बोलणे मोकळेपणाने, पण नेमके करावे. वर्षातले कोणते महिने जागा रिकामी लागेल, रात्री किती वाजेपर्यंत ग्राइंडर चालवलेला चालेल, विजेचे पैसे कसे द्यायचे आणि किल्ली आणखी कोणाकडे असेल, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही केलेली बरी. सही मागताना आपल्या माणसांना संकोच वाटतो. माझा अनुभव असा की, कागदावर लिहिल्याने संबंध बिघडत नाहीत. न लिहिल्याने मात्र बिघडण्याची शक्यता असते. सर्वांत महत्त्वाचा विषय आगीचा आहे. वेल्डिंग आणि कटिंग या कामांना मालकांच्या विम्यात परवानगी आहे का, हे त्यांनी विमा कंपनीला विचारून घेतले पाहिजे, कारण आग लागली तर गाडीपेक्षा गोदामाचे नुकसान कितीतरी मोठे असते. ठिणग्या उडणारे काम रोज संध्याकाळी घरी निघण्याच्या किमान एक तास आधी थांबवावे आणि तो तास तिथेच झाडलोट करत काढावा. पेंढ्यात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही. ती धुमसत राहते.

गाडी रस्त्यावर नसेल तेवढ्या काळासाठी डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे ‘सॉर्न’ची, म्हणजे गाडी रस्त्यावर नसल्याची, नोंद करणे बंधनकारक आहे, आणि उभ्या गाडीचा आग व चोरीपुरता विमाही घेता येतो. हे काम अर्ध्या तासाचे असल्याने पहिल्याच दिवशी उरकावे.

खोलण्यापूर्वीची पाहणी

पहिले दोन शनिवार पान्हा हातात न धरता फक्त पाहणीत घालवावेत. लहान हातोडीने पत्रा ठोकत जावे. शाबूत पत्रा खणखणतो. कुजलेला किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेला पत्रा बद्द वाजतो. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा थर आहे असे समजावे. या गाडीला गंज लागण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालच्या सिल (उंबऱ्यासारख्या पोकळ पट्ट्या), जॅक लावायच्या जागा आणि त्यांना मुख्य सांगाड्याशी जोडणारे आडवे आधार, पुढच्या चाकांवरच्या कमानी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, इंजिनच्या कप्प्यातला बॅटरीचा तळ आणि समोरच्या काचेचे खालचे कोपरे. काचेच्या कोपऱ्यांतला गंज रबराखाली लपलेला असतो. रंगाला तिथे एखादाच फुगा दिसत असला, तरी आत बोटभर भोक असण्याची शक्यता धरून चालावे.

प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे, आणि भाग सोडवताना त्याचे नटबोल्ट त्याच भागाबरोबर पिशवीत घालून वर चिठ्ठी लावावी. पुढच्या सीटच्या मागच्या पत्र्यावर आकडे कोरलेली एक लहान पट्टी असते. तिच्यावर गाडीचा मूळ रंग, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू आणि ती कोणत्या देशासाठी बनली याची सांकेतिक नोंद असते. ती पट्टी आणि इंजिनच्या कप्प्यात ठोकलेला चासी क्रमांक यांना धक्का लागू देऊ नये. क्रमांक जुळला नाही तर कागदपत्रांच्या वेळी गाडीची ओळखच वादात सापडते.

इंजिन आणि टाकी आधी बाहेर

वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढलीच पाहिजे, आणि या व्हॅनमध्ये ती इंजिनच्या पुढे, गिअरबॉक्सच्या वर बसवलेली असल्यामुळे इंजिन उतरवल्याशिवाय निघत नाही. म्हणून कामाची सुरुवात इंजिनपासून होते. मागच्या हबचा 46 मिलिमीटरचा मोठा नट सोडवायचा असेल, तर तो मात्र याच्याही आधी, चाके जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असताना सैल करून ठेवावा. कारखान्याने तो साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो; त्याच्या पान्ह्याला दीड मीटरचा पाइप लावूनही घाम फुटतो, आणि गाडी घोड्यांवर असताना एवढी ताकद लावली तर ती घोड्यांवरून घसरेल.

बॅटरी सोडवावी, तेल काढावे, पेट्रोलची नळी बंद करावी, थ्रॉटलची तार आणि विजेच्या जोडण्या चिठ्ठ्या लावून सोडवाव्यात, आणि मग ट्रॉली जॅकवर जाड फळी ठेवून तिच्यावर इंजिन तोलून घ्यावे. 1600 सीसीचे इंजिन शंभर किलोंहून अधिक वजनाचे असते. एका माणसाने जॅक सांभाळायचा आणि दुसऱ्याने इंजिन हलवत गिअरबॉक्सच्या दांड्यावरून मागे सरकवायचे, अशी वाटणी लागते. 1971 पर्यंतच्या गाड्यांत मागचा खालचा पत्रा बोल्ट काढून सुटा करता येतो. त्यानंतरच्या गाड्यांत तो पक्का असल्यामुळे इंजिन त्याच्याखालून निघेल एवढी गाडी उंच करावी लागते.

इंजिन निघाल्यावर गिअरबॉक्सचे मागचे टोक लोंबकळते. त्याच्याखाली लाकडी ठोकळा लावून काम भागवणारे बरेच आहेत, पण मग गाडी जागची हलत नाही. त्याऐवजी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंवर एक आडवी दांडी टाकून तिला जाड पट्ट्याने गिअरबॉक्स टांगावा. इंजिन नसलेली गाडी हलकी असते आणि दोघांना सहज ढकलता येते. वरचा नियम इथे अबाधित राहतो.

काढलेली टाकी रिकामी झाली म्हणजे धोका टळला असे नव्हे. रिकाम्या टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा जास्त स्फोटक असते. टाकी वर्कशॉपच्या बाहेर, उघड्या हवेत ठेवावी, आणि तिला डाग द्यायचा असेल तर ते काम त्यातल्या जाणकाराकडे सोपवावे.

पत्र्याचे काम

एकूण वेळातला निम्म्याहून अधिक वेळ या कामात जातो आणि गाडीचे आयुष्यही याच कामावर अवलंबून असते, त्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

या व्हॅनची सिल एका पत्र्याची नसते. बाहेरची, मधली आणि आतली असे तीन थर मिळून तिची पेटी तयार होते, आणि गाडीच्या मधल्या भागाचा ताठपणा या पेटीवर अवलंबून असतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक ‘दुरुस्त’ गाड्यांत फक्त बाहेरचा थर नवा बसवून आतला कुजका तसाच झाकलेला असतो. बाहेरचा थर कापल्यावर आत काय दिसते ते पाहूनच पुढचा अंदाज बांधावा, आणि तो पहिल्या अंदाजाच्या दुप्पट निघाला तर आश्चर्य मानू नये.

सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींना तात्पुरते आडवे आणि तिरपे आधार वेल्ड करावेत. हा टप्पा मी एका बाजूला आळसाने टाळला होता. नवी सिल बसवून झाल्यावर सरकते दार लावायला गेलो, तर मागच्या कडेला ते बोटभर अडकले. चौकट खाली बसली होती. सगळे वेल्ड पुन्हा कापून, चौकट जॅकने उचलून, आधार लावून काम नव्याने करावे लागले आणि त्यात सहा आठवडे गेले. आधार लावल्यावर दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून भिंतीवर लिहून ठेवाव्यात, आणि प्रत्येक मोठ्या वेल्डनंतर पुन्हा मोजाव्यात. मोजताना गाडीचे वजन चाकांवर किंवा अ‍ॅक्सलजवळच्या आधारांवर असावे. मधोमध आधार दिला तर सांगाडा वर उचलला जातो आणि मापे फसवी येतात.

एका वेळी एकच बाजू, आणि तिच्यातलाही एकच भाग हाती घ्यावा. आधी आतला पाया, म्हणजे आडवे आधार आणि जॅकच्या जागा. मग आतली सिल, मधली, आणि शेवटी बाहेरची. एक भाग पूर्ण जोडून, प्रायमर लावून झाल्यावरच पुढचा कापायचा. याने वेळ थोडा अधिक लागतो, पण गाडी कधीही अर्धवट मोडलेल्या अवस्थेत राहत नाही.

एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या या पत्र्यासाठी मिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात, आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने केलेले वेल्डिंग) आणि 0.6 मिलिमीटरची तार योग्य ठरते. त्यासाठी आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरावे. घरगुती 13 अँपियरच्या प्लगवर चालणारे लहान यंत्र एवढ्या पत्र्याला पुरते; मात्र लांबलचक एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेल्या अवस्थेत वापरली तर ती तापून वितळते, म्हणून ती पूर्ण उलगडावी. सलग वेल्ड करू नये. चार बोटांच्या अंतरावर ठिपके देत जावे, पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यावा, आणि मग मधल्या जागा भराव्यात. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. सराव गाडीवर करू नये. कापून काढलेल्या जुन्या पत्र्याचे जे तुकडे पडलेले असतात, त्यांच्यावर दोन दिवस हात बसवावा. सांगाड्याच्या मुख्य तुळया कुजल्या असतील, तर ते काम अनुभवी वेल्डरला बोलावून करून घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात, तिथे जोडण्यापूर्वी वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावावा, आणि रंगकाम संपल्यावर पेटीसारख्या सर्व पोकळ्यांत मेण फवारावे. मेण आधी फवारले तर पुढच्या वेल्डला तेच पेट घेते.

ब्रेक आणि इंजिन

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. वरून चांगल्या दिसणाऱ्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगून बंद होतात, पेडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतात, आणि आपण दोष भलतीकडे शोधत बसतो. सर्व रबरी नळ्या, चाकांचे सिलिंडर आणि गंजलेले धातूचे पाइप नवे घालावेत. पाइपांसाठी तांबे-निकेलचा मिश्रधातू गंजत नाही आणि हाताने वाकवता येतो. जुन्या ब्रेक-शूच्या आणि क्लचच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधावे. ब्रेकचे काम एका वेळी एकाच अ‍ॅक्सलचे करावे, हे आता वेगळे सांगायला नको.

इंजिन टेबलावर असताना सर्वांत आधी क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढे-मागे होणारे हलणे डायल गेजने मोजावे. नव्या इंजिनात ते 0.07 ते 0.13 मिलिमीटर असते. त्याहून बरेच अधिक भरले तर इंजिन पूर्ण खोलावे लागेल, आणि ते काम उसन्या जागेत करण्यापेक्षा तज्ज्ञाकडे पाठवलेले बरे. माप ठीक असेल तर तेल, प्लग, पॉइंट, सील आणि व्हॉल्व्हची फट एवढ्यावर भागते. 1600 च्या इंजिनात व्हॉल्व्हची फट 0.15 मिलिमीटर ठेवतात आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात. तेल फक्त अडीच लिटर लागते. तेच तेल इंजिन थंड ठेवण्याचेही काम करत असल्यामुळे ते वेळेवर बदलावे.

हे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे त्याच्याभोवतीचे पत्रे आणि कप्प्याच्या कडेची रबरी पट्टी या शोभेच्या वस्तू नाहीत. पट्टी नसेल तर खालची गरम हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते आणि इंजिन जळते. याच इंजिनात पंखा आणि चार्जिंग एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ‘घरी जाऊन पाहू’ असे न म्हणता तिथेच थांबावे, कारण बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो.

पेट्रोलच्या सर्व नळ्या नव्या घालाव्यात. सप्टेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने चिरते. या व्हॅन आगीत जाण्याचे एक मोठे कारण इंजिनवर ठिबकणारी फुटकी नळी हेच आहे. आर9 दर्जाची नळी आणि योग्य मापाचे क्लिप यांचा खर्च एका वेळच्या जेवणाएवढाही नसतो.

रंग आणि आतली मांडणी

रंगाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून फवारायचा, रंग उसन्या जागेत मारू नये. त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असते, त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि उडालेला धुरळा मालकांच्या ट्रॅक्टरवर बसला तर तो निघत नाही. प्रायमरपर्यंत काम स्वतः करून गाडी रंगाऱ्याकडे न्यावी, किंवा साधा एनॅमल रोलरने पातळ थरांत लावून मध्ये पॉलिशपेपर मारावा. दुसऱ्या पद्धतीची चमक दुकानातल्यासारखी येत नाही, पण खडी उडून टवका गेला तर आपल्याच हाताने भरता येते.

आतल्या सामानाचा मूळ संच शाबूत असेल तर तो जपावा. जर्मनीतल्या वीडेनब्रुकच्या वेस्टफालियाने 1951 पासून या व्हॅनमध्ये संसार थाटायला सुरुवात केली. इंग्लंडात सिडमथची डेव्हन आणि फोकस्टनची डॉर्मोबिल ही नावे त्यात प्रसिद्ध झाली. प्रत्येकाची कपाटे आणि पलंगाची घडी वेगळी असते, आणि हरवलेला एखादा बिजागर शोधण्यात महिने जातात. प्लायवुड फुगले असेल तर जुन्या फळीचाच साचा घेऊन नवी कापावी. हे काम घरी, गॅरेजमध्ये करता येते आणि त्यासाठी उसन्या जागेचे दिवस खर्च करू नयेत.

गॅसच्या शेगडीचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. ज्यांनी ती जाळी वारा येतो म्हणून बंद केली आहे, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही झोपायच्या जागेजवळ बसवावा.

रस्त्यावर आणि परत

चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ताकर भरावा लागत नाही, आणि गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठे बदल झाले नसतील तर मे 2018 पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे पाहणाऱ्या, तपासणीतूनही सूट आहे. ती सूट घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपणच वेल्ड केलेल्या सांगाड्याकडे आणि आपणच जोडलेल्या ब्रेककडे परक्या, तटस्थ डोळ्यांनी एकदा पाहणे आवश्यक असते. माझ्या तपासणीत मागच्या एका ब्रेक-पाइपचा नट अर्धवट आवळलेला निघाला. पहिली फेरी पाच-सात किलोमीटरची, ओळखीच्या रस्त्यावर काढावी. परत आल्यावर चाकांचे नट, तेलाची पातळी आणि नळ्यांचे सांधे पाहावेत, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजावी.

जागा परत देताना काँक्रीटवरचे तेलाचे डाग धुवावेत आणि भिंतीवर लिहिलेली मापे पुसावीत, हे उघड आहे. गुरांचा पेंढा ठेवायची जागा असेल तर आणखी एक काम असते, जे मला शेतमालकांनी सांगितल्यावर कळले. मिग वेल्डिंगमध्ये तारेची टोके सतत कापली जातात, आणि दोन सेंटिमीटरचा असा तुकडा पेंढ्याबरोबर गाईच्या पोटात गेला तर तो जठराला भोक पाडू शकतो. दांड्याला बांधलेला मोठा लोहचुंबक घेऊन मी ते गोदाम उभे-आडवे तीनदा पिंजून काढले, आणि तिसऱ्या खेपेसही तुकडे निघाल्यामुळे चौथ्यांदा सुरुवात केली.